पिग्मी मार्मोसेट एवढं लहान का असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं पिग्मी मार्मोसेट हे माकड मुठीत मावेल एवढंच का राहिलं? ते माकडांच्या आदिम पूर्वजांसारखं आहे का? फळांनी भरलेल्या जंगलात ते झाडाचा डिंक का खातं? आणि ते घरी पाळता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: नाही. का नाही, ते पहिल्या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच आहे, म्हणून ती सविस्तर देते. गेली बरीच वर्षं मी या छोट्या माकडांच्या देखभालीचं काम करते आहे. त्यातला काही काळ इक्वेडोरच्या ईशान्येला, कुयाबेनो नदीच्या परिसरात जंगली कुटुंबांची निरीक्षणं करण्यात गेला. या प्राण्याबद्दल जे जे विचारलं जातं, त्यातल्या बहुतेक गोष्टींचं उत्तर शेवटी डिंकापाशीच येऊन थांबतं, हे मला तिथे कळलं.

प्रश्नातला 'राहिलं' हा शब्द मात्र आधी दुरुस्त करायला हवा. पिग्मी मार्मोसेट लहान राहिलं नाही, ते लहान झालं. त्याचे पूर्वज त्याच्यापेक्षा मोठे होते. पिढ्यानपिढ्या आकार घटत आजच्या मापाला आला.

पूर्ण वाढलेल्या माकडाचं वजन साधारण १०० ते १४० ग्रॅम असतं. डोकं आणि धड मिळून १२ ते १५ सेंटीमीटर, आणि शेपूट त्याहूनही लांब, १७ ते २३ सेंटीमीटर. शेपटीवर फिकट-गडद कडी असतात. पण तिने फांदी पकडता येत नाही, तिचा उपयोग तोल सांभाळायला. मानेभोवतीच्या दाट केसांमुळे चेहरा छोट्या सिंहासारखा दिसतो. तिथले लोक त्याला 'लेओन्सियो', म्हणजे छोटा सिंह म्हणतात, ते त्यामुळेच. हे जगातलं सर्वात लहान माकड. 'सर्वात लहान प्रायमेट' (म्हणजे माकडं, लेमूर, माणूस या सगळ्यांच्या गटातला सर्वात लहान प्राणी) असंही लिहिलेलं आढळतं, ते मात्र चूक आहे. मादागास्करच्या माउस लेमूरमधल्या काही जाती याहून कितीतरी लहान असतात, पण लेमूर म्हणजे माकड नव्हे.

आदिमपणाचा समज जुना आहे आणि तो कसा झाला हेही समजण्यासारखं आहे. लहान आकार, बोटांना नखांऐवजी नख्या, एका वेळी दोन पिल्लं. हे सगळं खारीसारखं, म्हणजे जुन्या सस्तन प्राण्यांसारखं वाटतं. पण नीट पाहिलं तर प्रत्येक गोष्ट उलटीच साक्ष देते. हाता-पायांच्या सगळ्या बोटांना अणकुचीदार नख्या आहेत, फक्त पायाच्या अंगठ्याला चपटं नख आहे. ते एक नख सांगतं की नख्या या घराण्यात नंतर आल्या. बाकीच्या बहुतेक अमेरिकी माकडांना ३६ दात असतात, याला ३२. आकार घटताना जबड्यातली शेवटची दाढच गेली. गर्भाशयाची रचना एकाच पिल्लाला वाढवणाऱ्या माकडीणीसारखी आहे, तरी त्यात जुळी वाढतात. गर्भात जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, त्यामुळे एकाच्या रक्तपेशी दुसऱ्याच्या शरीरात आयुष्यभर सापडतात. हा मार्मोसेट आणि त्यांच्या जवळच्या नात्यातली टॅमरिन माकडं यांच्या सगळ्या कुळाचाच विशेष आहे.

मग लहान होऊन मिळवलं काय? डिंकाचं झाड.

कुयाबेनोतला माझा पहिला महिना माकडं शोधण्यात गेला आणि मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते. मान वर करून शेंड्याकडे बघायचे. एका सकाळी माझ्याबरोबरच्या स्थानिक वाटाड्याने माझा हात धरून एका बुंध्यावर ठेवला. साल चाळणीसारखी झाली होती. बोटाचं टोक बसेल एवढे वाटोळे-लांबट खळगे, शेकड्यांनी, एकमेकांना खेटून. खालचे खळगे जुने, कडा भरून आलेल्या, कोरडे. वर जावं तसे ते ताजे होत जात होते. डोक्याच्या वरच्या एका खळग्यात मधाच्या रंगाचा थेंब जमला होता. तो अजून चिकट होता, बोटाला तार आली. आम्ही मागे सरून बसलो. पाऊण तासाने बुंध्याच्या पलीकडच्या बाजूने एक चेहरा आला, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा दिसेनासा झाला. मग एक एक करत पाच जण आले. मोठ्या मादीने त्याच खळग्यात तोंड घातलं.

त्या खळग्यातलं काम बघण्यासारखं असतं. वरचे दात सालीत रोवून ते डोकं स्थिर करतं आणि खालच्या दातांनी साल वर खरवडतं. खालचे पुढचे दात उंच आणि अरुंद आहेत, जवळजवळ सुळ्यांच्या उंचीचे, त्यामुळे सगळी मिळून एक सलग धार होते. या दातांना बाहेरच्या बाजूने कठीण एनॅमलचा जाड थर असतो आणि आतल्या बाजूने तो जवळजवळ नसतोच. वापरताना आतली मऊ बाजू झिजते, बाहेरची कड उभी राहते. सुताराची पटाशी याच तत्त्वावर धार धरते. फरक एवढाच की या पटाशीला सहाणेवर लावावं लागत नाही, लाकूडच तिला धार लावतं.

डिंक म्हणजे झाडाने जखमेवर बांधलेली पट्टी. साल फुटली की काही जातींची झाडं तो पाझरवून जखम बंद करतात. म्हणजे खळगा एकदा खणून भागत नाही, झाड तो बुजवायला बघतं आणि माकडाला तो रोज पुन्हा उघडावा लागतो. ही शेतीसारखी रोजची मेहनत आहे. आज खरवडलेल्या खळग्यात रात्रभर थोडा थोडा डिंक साठतो, म्हणून पहाटे झोपेच्या जागेवरून निघाल्यावर कुटुंब आधी बुंध्यावर येतं. दुपारनंतर खाण्याचा दुसरा जोर असतो, म्हणजे त्या वेळी पोटात गेलेल्या डिंकावर आतड्यातले जिवाणू रात्रभर काम करू शकतात.

हे जिवाणूंचं काम महत्त्वाचं आहे. डिंक ही गुंतागुंतीच्या शर्करांची साखळी. आपल्या पाचकरसांना ती तोडता येत नाही, माकडाच्याही नाही. ती तोडतात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतले जिवाणू आणि त्यांना वेळ लागतो. साधारणपणे प्राणी जितका लहान तितकं अन्न त्याच्या पोटातून लवकर पुढे सरकतं. पिग्मी मार्मोसेट इथे नियम मोडतं. त्याच्याहून कितीतरी मोठ्या टॅमरिन माकडांपेक्षा ते अन्न जास्त वेळ आत धरून ठेवतं आणि डिंक अधिक चांगला पचवतं. टॅमरिनही डिंक चाटतात, पण स्वतः खणत नाहीत. संधी मिळाली की मार्मोसेटच्या खळग्यांवर डल्ला मारतात आणि त्यांच्यापुढे मार्मोसेटला बाजूला व्हावं लागतं.

आता आकाराकडे परत येऊ. बुंधा उभा, सरळ आणि जाड. मोठ्या माकडाला त्याला तासन् तास चिकटून राहणं परवडत नाही. शंभर-सव्वाशे ग्रॅमचं शरीर मात्र नख्या रुतवून उभ्या सालीवर आरामात लटकतं. आणि एका झाडाचा दिवसाचा पाझर शेवटी थेंबांतच मोजायचा, त्यावर पाच-सहा लहान पोटं चालतात, मोठी चालत नाहीत. खाण्याच्या वेळेतला निम्म्याहून जास्त वाटा डिंकाचा असतो. नुसत्या डिंकावर मात्र भागत नाही, त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. ती टोळ, नाकतोडे, कोळी यांच्यातून मिळतात. डिंकाला येणारी फुलपाखरंही ते पकडतात. ही जोडी उत्तम जमते: किड्यांमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी, डिंकात कॅल्शियम भरपूर. वर्षाला दोनदा जुळी वाढवणाऱ्या मादीला या कॅल्शियमची नितांत गरज असते. फळं आणि फुलांचा मध ही अधूनमधूनची चैन. फळांचा हंगाम संपला की फळखाऊ माकडांना मैलोन्मैल भटकावं लागतं. डिंक बारा महिने त्याच बुंध्यात असतो.

म्हणून या माकडाचं जग आश्चर्य वाटावं इतकं छोटं आहे. एका कुटुंबाचा वावर अनेकदा अर्ध्या हेक्टरच्या आत असतो: नदीकाठची दाट झाडी, एक मुख्य झाड, दोन-चार जोडझाडं, झोपायला वेलींची गुंतवळ. मुख्य झाडाचा पाझर कमी झाला की सगळं कुटुंब उठून नव्या झाडाकडे जातं आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून खणायला लागतं.

कुटुंबात साधारण दोन ते नऊ जण असतात: प्रजनन करणारी एक मादी, तिचा नर, वेगवेगळ्या वयांची मुलं, कधी एखादा जादाचा प्रौढ. गर्भारपण साडेचार महिन्यांच्या आसपास. जन्मणारी जुळी प्रत्येकी जेमतेम १५ ग्रॅमची, पण दोघांचं वजन मिळून आईच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भरतं. शिवाय बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पोटात पुढची जुळी, अंगावर पिणारी आताची जुळी, आणि रोजची खणाई. हे एकटीच्याने होणारं नाही आणि होतही नाही. बाप आणि मोठी भावंडं पिल्लांना पाठीवर वागवतात, दूध पाजण्यापुरती ती आईकडे जातात. सगळेच खायला बुंध्यावर गेले तर पिल्लांना जवळच्या वेलींच्या जाळीत ठेवून जातात. मोठ्या भावंडांना हे सांभाळणं आधी नीट जमत नाही. एकदा एका वर्षाच्या आतल्या भावाला मी पाहिलं. पाठीवर पिल्लू उलटं बसलेलं, शेपूट त्याच्या डोळ्यांवर आलेली, आणि तो बिचारा त्याच जागी गोल फिरत होता. शेवटी बापाने येऊन पिल्लू आपल्याकडे घेतलं.

आवाज हा या माकडाचा सगळ्यात सुंदर भाग आहे, त्यावर थोडं जास्त लिहिते. कुटुंबातले जण पानांत एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून सतत हाक आणि ओ चालू असते. जवळ असताना बारीक, पक्ष्यासारखी कंप पावणारी शीळ. ती कुठून आली हे शत्रूला सहज कळत नाही. अंतर वाढलं की हाकेची घडण बदलते, तुटक आणि लांब स्वर येतात. त्यांची दिशा ओळखणं सोपं असतं, म्हणजे धोका थोडा जास्त, पण हरवलेल्याला वाट सापडते. अमेरिकी संशोधक चार्ल्स स्नोडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अंतराचं गणित १९८१ मध्ये मांडलं. पुढे त्यांच्याच गटाने दाखवलं की नवी जोडी जमली की दोघांच्या शिळा काही आठवड्यांत एकमेकींच्या जवळ येतात. हाक पूर्णपणे जन्मजात ठरलेली नसते, ती सोबत्याप्रमाणे बदलते.

आणि पिल्लं बडबडतात. माणसाचं बाळ जसं 'बाबाबा, दादा' करत अर्थाशिवाय अक्षरं ओवतं, तशी पिग्मी मार्मोसेटची पिल्लं मोठ्यांच्या वेगवेगळ्या हाका अर्ध्याकच्च्या, भलत्याच क्रमाने, मिनिटभर आणि त्याहूनही जास्त वेळ सलग ओवत राहतात. जवळ ना शत्रू असतो ना अन्न, तरी सगळ्या हाका एका दमात. मोठी माणसं बाळाच्या बोबड्या बोलांकडे वळतात तशी मोठी माकडंही वळतात, जवळ येतात, उचलून घेतात.

ससाणे आणि घारींच्या जातीचे पक्षी, झाडावर चढणारी छोटी मांजरं आणि साप हे त्यांचे शत्रू. त्यांच्यापुढे उपाय म्हणजे पिंगट-काळसर ठिपकेदार रंग, खारीसारखं झटकन बुंध्यामागे जाणं, आणि तेही जमलं नाही तर दगडासारखं स्तब्ध होणं. सापासारखा शत्रू जागीच सापडला तर मात्र सगळं कुटुंब जमून त्याच्यावर ओरडतं.

इक्वेडोरच्या संशोधक स्टेला दे ला तोर्रे यांनी तिथल्या पिग्मी मार्मोसेटवर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांच्या गटाने पाच वेगवेगळ्या ठिकाणची कुटुंबं तपासली तेव्हा प्रत्येक ठिकाणी डिंकाचं आवडतं झाड वेगळं निघालं, आणि त्याचं कारण केवळ 'तिथे तेच झाड जास्त आहे' एवढंच नव्हतं. इंगा, पार्किया, सेड्रेला, अंबाड्याच्या वंशातली झाडं अशी यादी मोठी आहे, पण प्रत्येक वस्तीची रीत आपली. पिल्लं आई-बापाच्या तोंडाशी तोंड लावून तोच डिंक चाटत वाढतात. झाडाची निवडही घरातूनच येत असावी, असं मला वाटतं. हाकांमध्येही या वस्त्यावस्त्यांत फरक सापडले आहेत. एकाच जातीचे प्राणी सगळीकडे सारखेच, असं मी पूर्वी धरून चालायचे. आता तसं म्हणत नाही.

'जात' या शब्दाबद्दलही थोडं. जर्मन निसर्गतज्ज्ञ योहान बाप्टिस्ट फॉन स्पिक्स १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमध्ये फिरले आणि १८२३ मध्ये त्यांनी या माकडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पांढऱ्या पोटाच्या दक्षिणेकडच्या प्रकाराला १९४० मध्ये वेगळं नाव मिळालं, पण दीर्घकाळ ती उपजातच मानली गेली. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनंतर आता दोन जाती मानतात: ढोबळमानाने अ‍ॅमेझॉनच्या मुख्य प्रवाहाच्या उत्तरेची सेबुएला पिग्मिया आणि दक्षिणेची सेबुएला निव्हेइव्हेंट्रिस. ब्राझील, कोलंबिया, इक्वेडोर, पेरू आणि बोलिव्हिया या देशांतल्या पश्चिम अ‍ॅमेझॉनमध्ये त्या राहतात. आययूसीएन या जागतिक संवर्धन संघटनेच्या यादीत दोन्ही आज 'असुरक्षित' वर्गात आहेत.

धोका कुठला, ते एव्हाना लक्षात आलं असेल. नदीकाठच माणसालाही हवा असतो: शेताला, वस्तीला, बोटीच्या धक्क्याला. सेड्रेलासारखं झाड उत्तम इमारती लाकूड आहे. एक मोठं झाड तोडलं तर बाकीच्या जंगलाला फरक जाणवणार नाही, पण तेच एखाद्या कुटुंबाचं मुख्य झाड असेल तर त्या कुटुंबाचं सगळं अन्न त्या दिवशी आडवं होतं. गोंगाटही भोवतो. पर्यटक आणि मोटरबोटी जिथे जास्त, तिथली माकडं कमी बोलतात, कमी खेळतात आणि झाडात वरच्या थरात राहतात, असं दे ला तोर्रे आणि स्नोडन यांनी २००० मध्ये नोंदवलं. ज्या प्राण्याचं कुटुंब हाकांवर बांधलेलं आहे, त्याचं गप्प होणं मला झाड तुटण्याइतकंच गंभीर वाटतं.

आता पाळण्याचा प्रश्न. बोटाला बिलगलेल्या ज्या पिल्लाचा फोटो सगळीकडे फिरतो, ते बिलगलेलं असतं कारण त्या वयात त्याने कुणाच्या तरी पाठीवर असायचं असतं. प्रेमाने नव्हे, पडण्याच्या भीतीने त्याने बोट धरलेलं असतं. आमच्याकडे अशी सोडवून आणलेली माकडं येतात. फळं आणि बिस्किटांवर वाढवलेली, हाडं वाकलेली, कधी उडी मारताना मोडलेली. अमेरिकी माकडांना ड३ जीवनसत्त्व भरपूर लागतं. ते आणि कॅल्शियम दोन्ही नसलं की काही महिन्यांत ही अवस्था होते. माणसाच्या ओठावर उठणाऱ्या साध्या तापाच्या फोडाचा विषाणू मार्मोसेटला जिवे मारू शकतो. एक मुका पुरतो. आम्ही काम करताना मास्क लावतो, ओठावर फोड असलेल्याला त्या विभागात पाऊलही टाकू देत नाही. लाकडाच्या ओंडक्यांना भोकं पाडून त्यांत बाभळीच्या जातीचा डिंक भरून ठेवतो, म्हणजे निदान दातांना काम मिळतं. तरी एकट्या आलेल्या पिल्लाची बडबड ऐकवत नाही. ते सगळ्या हाका म्हणून बघतं, थांबतं, कान देतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. त्याला उत्तर देता येईल असं माझ्या तोंडात काही नाही. म्हणून आम्ही शक्य तितक्या लवकर त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यात एखादी जुनी, शांत मादी आणून ठेवतो.

बघायचंच असेल तर तिथे जाऊन बघा. सूर्य उगवायच्या आधी निघा, काठापासून दूर इंजिन बंद करा, वल्ह्याने जवळ जा. शेंड्याकडे बघू नका. बुंधे बघत चला, माणसाच्या उंचीपासून मधल्या फांद्यांपर्यंत, आणि चाळणीसारखी साल दिसली की ताजा डिंक आहे का ते बघा. वाळून काळा पडलेला असेल तर कुटुंब दुसऱ्या झाडावर गेलं आहे, पण लांब नाही, शंभर पावलांच्या आतले बुंधे तपासा. ओला असेल तर वीसेक पावलं मागे जाऊन बसा आणि बोलू नका. आधी शीळ ऐकू येईल. ती पक्ष्याचीच वाटेल.